पाण्यातल्या डीएनएची साक्ष कितपत मानावी?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तळी आणि ओढे यांच्या पाहणीत तुम्ही यंदापासून पर्यावरणीय डीएनएचा आधार घेणार आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. पाण्याचा नमुना तपासून एखादा प्राणी तेथे आहे की नाही हे खरोखर सांगता येते का, असे तू विचारले आहेस. येते, परंतु त्या उत्तराला ज्या अटी जोडलेल्या आहेत, त्या पहिली बाटली भरण्यापूर्वीच तुला ठाऊक असाव्यात असे मला वाटते, आणि म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

पाण्यात वावरणारा प्रत्येक जीव त्वचेच्या पेशी, अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा, अंडी यांच्यावाटे आपला डीएनए सतत सोडत असतो. ते पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळायचे, अडकलेल्या गाळातून डीएनए वेगळा काढायचा आणि हव्या त्या प्रजातीचा ठरावीक तुकडा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रयोगशाळेतील प्रक्रियेने, कोट्यवधी पटींनी वाढवून ओळखायचा, अशी ही पद्धत आहे. तुकडा बहुधा मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील, जनुकांचा घेतात, कारण एका पेशीत केंद्रकातील जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर मायटोकॉन्ड्रियातील जनुकाच्या शेकडो, कधी हजारो असतात. तो मुद्दाम आखूडही निवडतात, कारण पाण्यात डीएनएची साखळी फार लवकर तुटते.

सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात ही वाट जुनी आहे. गोड्या पाण्यातील मोठ्या प्राण्यांसाठी ती वापरता येते हे फिचेतोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले. फ्रान्समध्ये बाहेरून येऊन पसरलेला अमेरिकन बुलफ्रॉग त्यांनी तळ्यांच्या पाण्यातून ओळखला, आणि तोही जेथे बेडकांची संख्या अगदी कमी होती तेथे. त्यानंतर या पद्धतीला सर्वांत भक्कम पाया मिळाला तो इंग्लंडमध्ये, ग्रेट क्रेस्टेड न्यूट या संरक्षित उभयचराच्या निमित्ताने. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेथे न्यूट असल्याचे माहीत होते अशा तळ्यांवर डीएनए चाचणीने ९९.३ टक्के वेळा त्यांचे अस्तित्व पकडले. बाटलीचे सापळे आणि रात्री बॅटरीच्या उजेडात केलेला शोध यांना तेच साधारण तीन-चतुर्थांश वेळा जमले. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट: स्वयंसेवकांनी गोळा केलेल्या नमुन्यांतही यशाचे प्रमाण ९१ टक्के होते. काटेकोर कृती हाती दिली, तर तज्ज्ञ नसलेली माणसेही विश्वासार्ह नमुना आणू शकतात, हे त्यातून सिद्ध होते, आणि तुमच्या कामाला हाच सर्वांत मोठा धीर आहे.

मात्र तेथेही नियम आहे की अधिकृत निर्णयासाठी नमुना १५ एप्रिल ते ३० जून याच काळात घेतलेला असावा. त्या काळात न्यूट प्रजननासाठी पाण्यात असतात. पुढे प्रौढ प्राणी जमिनीवर निघून जातात आणि पाण्यातला डीएनए थोड्या दिवसांत नाहीसा होतो. ऊन, उष्णता आणि सूक्ष्मजीव मिळून त्याचा फडशा पाडतात. म्हणून ‘नाही’ हे उत्तर वाचताना आधी हे विचारायचे, की त्या ऋतूत तो प्राणी डीएनए सोडत होता का, पुरेसे पाणी गाळले होते का, आणि पीसीआरला अडथळा आला नव्हता ना. कुजलेल्या पाल्याने तपकिरी झालेल्या पाण्यातील ह्युमिक आम्ले पीसीआर बंद पाडतात. अशा वेळी डीएनए असूनही निकाल कोरा येतो, म्हणून प्रत्येक नमुन्यात माहीत असलेला परका डीएनए ठरावीक मात्रेत घालून तो तरी वाढतो का, हे पाहिलेच पाहिजे. ही तपासणी नसलेला ‘नाही’ तू अहवालात मांडू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘होय’ हे उत्तर वाचणे तर याहूनही अवघड आहे. अमेरिकेत शिकागोच्या कालव्यांत, बाहेरून येऊन पसरलेले आशियाई कार्प मासे ग्रेट लेक्स या विशाल सरोवरांमध्ये शिरू नयेत म्हणून पाण्यात विजेचे अडथळे उभारले आहेत. त्या अडथळ्यांच्या पलीकडच्या पाण्यात या माशांचा डीएनए सापडला, आणि मोठा वाद पेटला. मासे खरोखर पलीकडे पोहोचले होते, की मासे खाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा, मालवाहू नौका किंवा सांडपाणी यांच्यावाटे नुसता डीएनए तेथे गेला होता? जून २०१० मध्ये अडथळ्यांच्या पलीकडे, कॅल्युमेट सरोवरात, याच माशांपैकी एक बिगहेड कार्प प्रत्यक्ष जाळ्यात सापडला. तरी त्या एका माशाने प्रत्येक पॉझिटिव्ह नमुन्याचा उलगडा होत नाही. डीएनए जिवंत माशाचा की मेलेल्याचा, एकाचा की शंभरांचा, पिल्लाचा की प्रौढाचा, हे असा निकाल सांगत नाही. स्कॉटलंडमधील लॉख नेसचे पाणी २०१८ मध्ये तपासले, तेव्हा ईल माशांचा डीएनए जागोजागी विपुल सापडला. पण ते ईल केवढे होते हे त्यावरून ठरवता आले नाही.

वाहत्या पाण्यात आणखी एक प्रश्न उभा राहतो. स्वित्झर्लंडमधील ग्लाट नदीत, सरोवरात राहणाऱ्या जलपिसू आणि शिंपल्यांचा डीएनए ९ किलोमीटरांहून अधिक अंतरावर खाली सापडला, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे ओढ्यातला नमुना त्या एका जागेविषयी बोलत नाही, वरच्या साऱ्या प्रवाहाविषयी बोलतो. मात्र हा दोषच आहे असे मी मानत नाही. जमिनीखालच्या गुहांत राहणारा ओल्म हा आंधळा उभयचर प्रत्यक्ष पाहणे जवळजवळ अशक्य. आग्नेय स्लोव्हेनियात संशोधकांनी झऱ्यांतून बाहेर येणारे पाणी तपासून त्याच्या काळ्या उपप्रजातीचा ठाव घेतला, आणि जेथे माणूस पोहोचू शकत नाही तेथली बातमी पाण्यानेच आणून दिली. तुमच्या ओढ्यांवर मात्र नमुन्यांच्या जागा खालून वर अशा क्रमाने ठरवा. डीएनए कोठवर मिळतो आणि कोठून पुढे मिळेनासा होतो, ती सीमा सापडली की प्राणी साधारण कोणत्या टप्प्यात आहे याचा अंदाज येतो.

एकाच चाचणीत पाण्यातील सर्व मासे ओळखायचे असतील तर मेटाबारकोडिंग आहे. मिया यांच्या जपानी गटाने २०१५ मध्ये मांडलेले मिफिश प्रायमर (पीसीआरमध्ये वाढवायचा तुकडा ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) त्यासाठी जगभर वापरले जातात. परंतु तुलनेसाठी वापरायच्या संदर्भसंग्रहात ज्या प्रजातीचा डीएनए-क्रम नोंदलेला नाही ती यादीत येणार नाही, किंवा जवळच्या नातलगाच्या नावाने येईल. तेव्हा तुमच्या पाण्यात अपेक्षित असलेल्या प्रजातींचे क्रम संग्रहात आहेत का, हे आधी तपासून घ्या.

हाताळणीबाबत मला तळमळीने सांगायचे आहे, कारण या पद्धतीची अब्रू तेथेच जाते. पाण्यात उतरण्यापूर्वी नमुना घ्या. प्रत्येक जागी नवे हातमोजे घाला. उपकरणे ब्लीचने धुऊन मग स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या. प्रत्येक फेरीत शुद्ध पाणी तेथेच, त्याच हातांनी गाळून त्याचा कोरा नमुनाही प्रयोगशाळेत पाठवा. त्या कोऱ्या नमुन्यात लक्ष्य प्रजातीचा डीएनए निघाला, तर त्या फेरीतील सर्व पॉझिटिव्ह निकाल संशयास्पद ठरतात, मग ते कितीही हवेहवेसे वाटोत.

जाळी आणि विजेचा धक्का यांच्याविना, एकाही दुर्मीळ जीवाला हात न लावता त्याचा शोध घेता येतो, म्हणून मला ही पद्धत इतकी जवळची वाटते. तिच्यावर लोकांचा विश्वास टिकावा यासाठी किती नमुन्यांपैकी किती पॉझिटिव्ह आले म्हणजे ‘आहे’ म्हणायचे, आणि कोणत्या निकालानंतर प्रत्यक्ष जाऊन शोधायचे, हे तुम्ही काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. तो आराखडा आणि नमुन्यांच्या जागांचा नकाशा मला पाठव. कोऱ्या नमुन्यांची संख्या आणि ऋतूची निवड यांवर मी सविस्तर लिहीन.

तुझा,
अनिरुद्ध