इचलकरंजीचा भाव पिकात छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इचलकरंजीवर काही छापायचे म्हटले की ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ या बिरुदाने सुरुवात होते आणि यंत्रमागांच्या संख्येवर शेवट. माग किती आहेत यावरून गावात पैसा किती फिरतो हे कळत नाही. ते कळते पिकाच्या (शेतातल्या नव्हे, विणकामातल्या आडव्या धाग्यांच्या) मजुरीच्या दरावरून, आणि तो दर कोल्हापूरच्या वाचकाला कुठे वाचायलाच मिळत नाही.

या गावाची घडीच वेगळी. आसपास कापूस नाही, सगळे शिवार उसाचे. 1891 साली आलेली मिरज-कोल्हापूर रेल्वे हातकणंगल्यावरून गेली, इचलकरंजी बाजूला राहिली. तरी 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला. सूत बरेचसे बाहेरचे, गिऱ्हाईक बाहेरचे, गावाचे म्हणून मुख्यतः विणकाम. मुंबईतल्या 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे काम भिवंडी-मालेगावसारखे इकडेही वळले. 2022 मध्ये महापालिका झाली. घडी मात्र तीच.

छोटे मागवाले बरेचसे खर्चीवाले. व्यापारी सायझिंग केलेले बीम (खळ लावलेल्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ) आणि बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्यांचे सूत देतो, मागवाला कापड विणून परत करतो, मजुरी पिकावर. कापडाच्या एका इंचात बाण्याचे जितके धागे तितके पीक. हिशेब असा: 52 पिकाच्या कापडाला मीटरमागे सुमारे 2,050 धागे टाकावे लागतात. साधा माग मिनिटाला 140 धागे टाकतो असे धरले, तर कांडी (बाण्याच्या सुताची नळी) बदलणे आणि तुटलेला धागा जोडणे यातला खोळंबा मिळून मीटरला वीस मिनिटे जातात. बारा तासांच्या पाळीत 36 मीटर. समजा पिकाला 8 पैसे मिळाले, तर मीटरला 4 रुपये 16 पैसे, म्हणजे पाळीला मागामागे दीडशे रुपये. वीज, कामगार, कांडीवाला, जागाभाडे, सुटे भाग, सगळे त्यातूनच. दर एका पैशाने उतरला की आठ मागांच्या कारखान्याला दोन पाळ्यांत तीनशे रुपयांचा खड्डा. एक पैसा! बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल.

त्यात कामातली दुखणी वेगळी. सायझिंगला खळ कमी पडली तर ताण्याचे धागे पिंजारतात, जास्त झाली तर कडक होऊन तुटतात. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की तुटण्याला ऊतच येतो. वीज गेली आणि माग मध्येच थांबला की पुन्हा सुरू करताना कापडावर आडवा पट्टा उमटतो. तो दोष धरून पैसे कापले जातात, आणि कापले जातात ते मागवाल्याचेच.

मिनिटाला 600 धागे टाकणारा एअरजेट (हवेच्या झोताने बाणा टाकणारा आधुनिक माग) आणला तर तेच मीटर चार मिनिटांत उतरते, हे खरे. पण आठ मागांचा कारखानदार तेवढे भांडवल आणणार कुठून? आणि कोरे कापड तसेच बाहेर गेले तर रंगाई, छपाईचा पैसाही बाहेरच. ते काम इथे वाढवायचे तर पाणी हवे: जुन्या पद्धतीत किलोभर सुती कापडाला शंभर लिटरच्या आसपास. पंचगंगेची अवस्था सर्वांना ठाऊक आहे, दूधगंगेचे पाणी इचलकरंजीला आणायच्या सुळकूडच्या योजनेला दूधगंगाकाठचा विरोधही. सांडपाण्याच्या पुनर्वापराशिवाय इथे प्रोसेसिंग वाढवा म्हणणे आम्हाला पोकळ वाटते.

उधारीचा नियमही नीट छापला जात नाही. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यायचे. मुदत चुकली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात धरता येत नाही. ही तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. मात्र त्यासाठी मागवाल्याची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी आणि बिलावर तारीख हवी. चिठ्ठीवरच्या व्यवहाराला हा नियम काय कामाचा?

आपल्या बाजारभावाच्या रकान्यात गुळाचे आणि सोन्याचे दर असतात. त्याच रकान्यात दर सोमवारी 40 काउंट (सुताच्या बारीकपणाचे माप) सुताचा भाव आणि 52 पिकाची मजुरी, अशा दोन ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपले,
यंत्रमाग व्यवसायाशी संबंधित काही वाचक, कोल्हापूर