भूमितीच्या मॅडमना, एका सुताराचा नमस्कार

मॅडम,

तुम्ही वर्गासाठी माझं लाकडावर रेघ मारायचं सूत मागवलंत, त्याबद्दल हे पत्र. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. मला मात्र नागपूरच्या लकडगंजात लाकूड घ्यायला गेलो तरी तेच आठवतं.

पोरगी नववीत. भूमितीच्या पहिल्याच धड्यात अडली. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही, मग वहीत काढतो ते काय? आधीच्या शिकवणीत तिनं हेच विचारलं, तर उत्तर मिळालं, "पेपरात येतं तेवढं पाठ कर." फी मात्र त्यांना एक तारखेलाच पाहिजे. मी भेटायला गेलो तेव्हा सरांनी विचारलं, घरी अभ्यास कोण घेतं? म्हटलं, मी सुतार, मला काय येते बाप्पा! ते हसले अन् पुढच्या पालकाकडे वळले. पोरगी शेजारीच उभी होती. तेव्हापासून तिनं कुठंच काही विचारणं सोडलं.

मग तुमचा निरोप आला, "बाबांचं सूत अन् गेरू उद्या आणशील का?" मला वाटलं, शाळेत काही दुरुस्ती निघाली असेल. तर तुम्ही फळ्यावर दोन खुणा केल्या, गेरूत माखलेलं सूत दोन पोरींना त्या खुणांवर ताणून धरायला लावलं अन् मधून खेचून सोडायला माझ्या पोरीला बोलावलं. टण्ण! लाल रेघ उमटली. "आता याच दोन खुणांतून दुसरी सरळ रेघ मारून दाखवा." कोणाला जमते? दोन बिंदूंमधून एक आणि एकच रेषा जाते. मग तुम्ही विचारलंत, ही खरी रेषा आहे का? आमचीच बोलली म्हणे: नाही, हिला टोकं आहेत, गेरूची जाडी आहे. रेषा दोन्हीकडे संपतच नाही.

बिंदूचा प्रश्नही तुम्ही टाळला नाही. युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास 'ज्याला भाग नाही तो बिंदू' असं लिहून ठेवलं, पण पुढच्या गणितज्ञांनी बिंदू, रेषा, प्रतल (म्हणजे सपाट पृष्ठभाग) यांची व्याख्या करायचीच नाही असं ठरवलं. कुठून तरी सुरुवात करावीच लागते. म्हणजे पोरगी अडली ती अडायच्याच जागी! शुल्बसूत्रांच्या, म्हणजे वेदी मापायच्या जुन्या ग्रंथांच्या काळी यज्ञाच्या वेदी दोरीनंच आखत, हेही तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी तिनं ते सूत स्वतः माझ्या पिशवीत ठेवलं, नाहीतर माझ्या हत्यारांना ती हात लावत नसे.

आणि सूत परत आलं ते नीट गुंडाळलेलं, गेरू पुडीत बांधलेला. साइटवर लोक माझी पटाशी मागून नेतात अन् धार घालवून आणून देतात. हुशार मास्तर या शहरात पुष्कळ असतील, पण गरिबाची वस्तू अशी जपणारं माणूस मी फार कमी पाहिलं.

परवा झिरो माईलच्या दगडी खांबावरून जाताना पोरगी म्हणते, "बाबा, हा खांब म्हणजे बिंदू नाही. याला जाडी आहे, बाजूला चार घोडेपण आहेत!" मी गाडी चालवत हसत होतो.

तुमच्या वर्गातलं टेबल डुगडुगतं, असंही तिनं सांगितलं. चारही पायांची टोकं एका प्रतलात नाहीत म्हणे. रंधा घेऊन कधी येऊ, तेवढं कळवा. पैशाचं काही बोलू नका.

तुमच्या विद्यार्थिनीचे बाबा