टॉर्चचा उजेड आरपार जातो, म्हणून हे तक्रार पत्र

दांडिया बाजार, वडोदरा
दि. २४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय: सेमी हॉलो म्हणून विकलेल्या गिटारमध्ये सेंटर ब्लॉक नसल्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या वेबसाइटवरून मी ९ जुलै रोजी चेरी लाल रंगाची सेमी हॉलो इलेक्ट्रिक गिटार मागवली. किंमत २७,९९० रुपये, पैसे आगाऊ भरले. आजपर्यंत आपल्याला तीन ईमेल पाठवले आणि तीन उत्तरं आली. तिन्ही उत्तरं मी विचारलेल्या प्रश्नाला सोडून होती, म्हणून आता कागदावर, रजिस्टर्ड पोस्टाने लिहितो आहे.

प्रश्न एकच आहे. वेबसाइटवर या गिटारच्या वर्णनात 'गळ्यापासून शेपटीपर्यंत अखंड मेपल सेंटर ब्लॉक' असं लिहिलं आहे. तो ब्लॉक माझ्या गिटारमध्ये कुठे आहे?

आपल्या कॉल सेंटरवरच्या मुलाला सेंटर ब्लॉक म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्यात त्याची चूक नाही, तो त्याच फोनवर माइक आणि कीबोर्डच्याही तक्रारी घेतो. पण हे पत्र निदान जाणत्या माणसाच्या टेबलावर जावं म्हणून थोडक्यात सांगतो. गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ बाजारात आणली, तेव्हा तिच्या पोकळ दिसणाऱ्या पोटात मधोमध मेपलचा लांब ठोकळा बसवला होता. बाजू पोकळ, मध्य भरीव, म्हणून सेमी हॉलो. त्याच्या बऱ्याच आधी, १९४० च्या सुमारास, अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी चार इंच बाय चार इंचाच्या लाकडी ओंडक्यावर तारा चढवल्या होत्या आणि तो गिटारसारखा दिसावा म्हणून एका जुन्या गिटारचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना चिकटवले होते. कल्पना तीच. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात कोकलते. स्पीकरचा आवाज तिच्या वरच्या फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, पिकअप (तारांखालचं चुंबक) ते हलणं पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि हे चक्र फिरत राहतं. मध्ये ठोकळा असला की फळी जड होते, पाठीशी बांधली जाते आणि सहजासहजी हलत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी सेमी हॉलो घेतली.

मी शाळेत गणित शिकवतो. गिटार पंचवीस वर्षं वाजवतो, पोटासाठी नाही. गणपतीत आमच्या मंडळाचा भावगीतांचा कार्यक्रम असतो, त्याला गोल, उबदार आवाज लागतो. नवरात्रात शेजारच्या गुजराती सोसायटीच्या गरब्यात मी हींचच्या ठेक्यावर कॉर्ड तोडत उभा असतो, तिथे शेजारी दोन ढोल, ऑक्टोपॅड आणि पुरुषभर उंचीचे स्पीकर. दोन्ही कामं एका गिटारवर भागवायची तर मास्तराच्या पगारात हाच एक प्रकार बसतो. मूळ अमेरिकन मॉडेल लाखांत जातं, तो विचार मी कधीच सोडला.

आपली गिटार घरी उत्तम वाजली, हे आधी लिहून टाकतो. गळा हाताला छान बसतो, फ्रेटची (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोचत नाहीत, वजन माझ्या जुन्या गिटारपेक्षा चांगलं किलोभर कमी. मुलगा बारावीला आहे, रात्री अ‍ॅम्प लावता येत नाही. ही मात्र अ‍ॅम्पशिवायही पलंगावर बसून माझ्यापुरती ऐकू येते. ऑगस्टमध्ये मी चार मित्रांना 'घ्या हीच' म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या एकाने घेतली. आता तो मला रस्त्यात भेटला की आधी गिटारचं विचारतो, मग माझं.

गणपतीत छोट्या हॉलमध्ये वाजवताना मंद्रात हलकी घुमघुम आली. मी साउंडवाल्याला दोष दिला. त्याची माफी मागायची राहिली आहे.

मग २२ सप्टेंबर, नवरात्राची पहिली रात्र. आरती झाली, गरबा सुरू झाला, दोन गाणी नीट गेली. तिसऱ्यात ढोल दोन मात्रा थांबतो अशी जागा आहे. तिथे मी जी ची कॉर्ड धरून हात उचलला आणि जाड तारेचा, तिसऱ्या फ्रेटवरचा तो सूर थांबेचना. आधी हुंकार, मग भोंगा, मग गिरणीचा भोंगा. मी तारांवर तळहात दाबला तरी चालूच, कारण आता तारांपेक्षा फळीच जास्त गात होती. पोटाला टेकलेली पाठ अंगाला गुदगुल्या व्हाव्यात अशी थरथरत होती. घेऱ्यातल्या बायकांनी कानावर हात नेले. ढोलवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आरतीत शिट्टी मारली. साउंडवाल्याने माझा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला तो रात्रभर वर नेला नाही. त्या रात्री मी ज्या काही कॉर्ड वाजवल्या त्या अंबेमातेने आणि मी ऐकल्या. उरलेल्या रात्री पुतण्याच्या भरीव गिटारवर काढल्या. ती आठ हजारांची आहे. तिने एकदाही तोंड वर काढलं नाही. त्याच जागी, त्याच स्पीकरसमोर.

या भोंग्याबद्दल आपलं पहिलं उत्तर: 'फीडबॅक हे सेमी हॉलो गिटारचं नैसर्गिक वैशिष्ट्य आहे.' काही अंशी खरं आहे, म्हणून मी गप्प बसलो. अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाचं जे मॉडेल १९८० मध्ये निघालं त्याला याच कारणाने एफ होल (वरच्या फळीतली इंग्रजी 'f' च्या आकाराची दोन भोकं) ठेवलेच नाहीत, आणि त्याआधी ते एफ होलमध्ये टॉवेल कोंबत असं सांगतात. मीही गादीवाल्याकडून काळा फोम आणून दोन्ही होलमध्ये बसवला. भोंगा थोडा उशिरा सुरू व्हायला लागला, इतकाच फरक. आणि घरचा तो गोड आवाज उशीत तोंड खुपसून गायल्यासारखा झाला.

दसऱ्यानंतर फोम काढताना टॉर्च लावला होता. गिटार मांडीवर आडवी होती आणि मोबाइलचा टॉर्च डावीकडच्या एफ होलवर धरला होता. उजवीकडच्या एफ होलमधून उजेड भिंतीवर पडला. 'एफ'चा अक्षरशः आकार, चुन्याच्या भिंतीवर. मी तसाच बसून राहिलो. मधे भिंत असेल तर या खोलीतला दिवा त्या खोलीत दिसत नाही, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही.

तरी खात्री करावी म्हणून रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या कारागिराकडे गेलो. गिटार, हार्मोनियम, वेळ पडल्यास दिलरुबाही दुरुस्त करणारा माणूस. त्याने तारा सैल केल्या, गळ्याजवळच्या पिकअपच्या चौकटीचे चार स्क्रू काढले, पिकअप तारेसकट बाजूला उलटा ठेवला आणि मला म्हणाला, बोट घाला. सेंटर ब्लॉकच्या गिटारमध्ये पिकअपची खाच ब्लॉकच्या लाकडात कोरलेली असते, बोट चारी बाजूंनी लाकडाला लागतं. माझं बोट सरळ खाली गेलं आणि पाठीच्या प्लायवूडला टेकलं. डावीकडे वळवलं, पोकळ. उजवीकडे, पोकळ. कारागीर एवढंच म्हणाला, 'आ तो साव पोली छे.' ही तर पार पोकळ आहे.

मग दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा (वहिनीच्या दवाखान्यातला) आत घालून पाहिलं. ब्रिज आणि टेलपीस (तारा जिथे टेकतात आणि अडकतात ते भाग) यांच्या खाली लाकडाचा एक तुकडा चिकटवला आहे, ९ सेंटिमीटर लांब. गळ्याच्या मुळाशी ठोकळा आहे, पण तो पोकळ गिटारलाही लागतोच, नाहीतर गळा बसणार कशात? बॉडीची लांबी ४८ सेंटिमीटर. 'गळ्यापासून शेपटीपर्यंत' या शब्दांचा अर्थ आपल्याकडे वेगळा असेल तर कळवावा. तो ९ सेंटिमीटरचा तुकडासुद्धा कशासाठी आहे हे उघड आहे. सहा तारांचा ताण मिळून चाळीस किलोच्या वर जातो, टेलपीसचे दोन खिळे नुसत्या प्लायवर ठोकले असते तर फळी उखडली असती. गिटार मोडू नये एवढं लाकूड घातलं आहे. कोकलू नये म्हणून लागतं ते घातलेलं नाही.

याचे फोटो आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ ८ ऑक्टोबरला पाठवला. आपलं दुसरं उत्तर: 'वडोदऱ्यातील पावसाळी दमट हवेमुळे लाकडात बदल होऊ शकतात.' साहेब, दमट हवेने लाकूड फुगतं. नाहीसं होत नाही. हे उत्तर मी कारागिराला वाचून दाखवलं तेव्हा त्याने हातातला चहा खाली ठेवला.

तिसरं उत्तर: परत करण्याची १० दिवसांची मुदत संपली असल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे. मुदत रंग आवडला नाही, गळा जाड वाटला अशा गोष्टींना असते. जे आत आहे असं लिहिलं ते आत नव्हतंच, हे कळायला मला स्क्रूड्रायव्हर आणि आरसा लागला. दहा दिवसांत कुठला गिऱ्हाईक नव्या गिटारचा पिकअप उपटून बोट घालतो? आणि कोणी घातलं असतं, तर आपणच वॉरंटी रद्द केली असती.

जॅकची (केबल खुपसायच्या भोकाची) चकती दोन महिन्यांत सैल झाली, आतल्या आत फिरून वायर तुटली. या गिटारला मागे झाकण नसतं, त्यामुळे जॅकला दोरा बांधून एफ होलमधून बाहेर ओढायचा आणि तसाच परत भोकात आणून बसवायचा, असं घड्याळजीचं काम. त्याचे ६०० रुपये मी दिले. ते मागत नाही, तेवढं स्वस्त गिटारीत चालतं. स्विचही खरखरतो. चालेल.

पूर्ण पोकळ गिटार असणं हा गुन्हाही नाही. एपिफोन कंपनीची कसिनो ही गिटार १९६१ पासून पूर्ण पोकळ आहे, बीटल्समधल्या तिघांकडे ती होती. आपण 'पूर्ण पोकळ, घरी आणि छोट्या कार्यक्रमात वाजवायला' असं लिहिलं असतं तर कदाचित मी तीही घेतली असती, पण गरब्याला नेली नसती. सूरसागरच्या काठावर सयाजीराव महाराजांच्या काळापासून, १८८६ पासून, गायनशाळा चालते. या गावात पोकळ वाद्यं आणि भरीव वाद्यं यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो.

तेव्हा माझी मागणी अशी. २७,९९० रुपये परत करावेत आणि गिटार आपल्या खर्चाने घेऊन जावी. किंवा त्याच किमतीत खरोखर अखंड सेंटर ब्लॉक असलेली गिटार द्यावी, आणि पाठवण्याआधी एका एफ होलवर टॉर्च धरून दुसऱ्या एफ होलचा फोटो मला पाठवावा. तो काळोखा हवा. दुरुस्ती मला नको, कारण बंद बॉडीत बाहेरून ब्लॉक घालता येत नाही, हे आपल्या सर्व्हिस सेंटरने फोनवर मान्य केलं आहे. आणि दोन्हीपैकी काहीही करा, वेबसाइटवरचं ते वाक्य आधी काढा. ते या पत्राच्या तारखेलाही तिथेच आहे. आज सकाळचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे, बिल, फोटो आणि आपल्या तिन्ही उत्तरांच्या प्रतींसह.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस थांबतो. त्यानंतर वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मला मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी पडत नाही. सुनावणीला मी गिटार आणि टॉर्च दोन्ही घेऊन येईन.

मूळ खोकं, थर्माकोल आणि ती दोन षटकोनी चाव्यांची पिशवी जपून ठेवली आहे. कुरियरवाल्याला संध्याकाळी पाचनंतर पाठवावं, दिवसा शाळा असते. फोम मी काढून घेतला आहे, तो माझा आहे.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)