अनुभव नाही म्हणता, मग पहिली ऑर्डर कोण देणार? संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस,
स.न.वि.वि.

साहेब, भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात मी ड्रोनच्या मोटरी बनवतो. गेल्या मंगळवारी मेल आला की आमचं टेंडर टेक्निकलमध्येच बाद, कारण काय तर तीन वर्षांचा सप्लायचा अनुभव नाही आणि टर्नओव्हर कमी. खरेदी कुणाची होती ते इथे लिहीत नाही. पण चार सॅम्पल मोटरी पाठवल्या होत्या, त्यांचं पाकीट न फोडता परत आलं, माझ्या हाताने लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी.

दीड वर्षापूर्वी एका मेळाव्यात स्टेजवरून एका मोठ्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, तुम्ही देशी मोटर बनवा, ऑर्डर आम्ही देऊ. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, टाळ्या पण वाजवल्या. त्या एका वाक्यावर जुन्नरची वडिलांची जमीन तारण ठेवून वाइंडिंग मशीन घेतलं, मोटर किती जोर लावते ते मोजायचा थ्रस्ट स्टँड बसवला. आता महिन्याला 62 हजार हप्ता आहे आणि वाइंडिंगला, म्हणजे तार गुंडाळायला, चार बायका होत्या त्यातल्या दोघींना घरी बसवावं लागलं, केसासारखी बारीक तांब्याची तार न तोडता स्टेटरवर, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागावर, बसवायला त्या आठ महिन्यात शिकल्या होत्या हो, तो हात परत कुठून आणू? वडील काही बोलत नाहीत. रोज संध्याकाळी फोन करून फक्त विचारतात, ऑर्डर आली का.

आणि ज्यांना ऑर्डर मिळाली त्यांच्यातलाच एक ड्रोन रिपेअरला आमच्याकडे आला, तर मोटरवरचा नंबर सँडपेपरने घासलेला. आत उघडली की कळतं कुठली आहे ते, आमच्या धंद्यात कुणालाही कळतं. तयार परदेशी ड्रोन आणायला 2022 पासून बंदी आहे पण सुटे भाग आणायला मोकळीक आहे, म्हणजे बाहेरून पार्ट आणा, इथे स्क्रू मारा, वर तिरंगा चिकटवा, झालं स्वदेशी. 2025 च्या सुरुवातीला चिनी पार्ट सापडले म्हणून लष्कराच्या 400 ड्रोनचे साधारण 230 कोटींचे करार रद्द करावे लागले, तुम्हाला माहीतच आहे. रद्द केले ते बरोबरच केलं, पण ते आधी पास कुणी केले होते? त्यांना कुणी काही विचारलं का?

साहेब हा खेळ नाहीये. 2020 मध्ये अझरबैजानने तुर्की ड्रोन वापरून आर्मेनियाचे रणगाडे कसे फोडले ते जगाने बघितलं, युक्रेनमध्ये तर काही हजारांचा ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा मारतो. आपल्याकडे जून 2021 ला जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली, मग मे 2025 ला एका रात्रीत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन आले, हा आकडा सरकारनेच दिलेला. असल्या लढाईत ड्रोन महिन्याला हजारोंनी संपतात आणि प्रत्येकाला चार-चार मोटरी लागतात. त्या मोटरीतलं मॅग्नेट चीनमधून येतं, एप्रिल 2025 ला त्यांनी ते बाहेर पाठवण्यावर लायसन्स लावलं आणि माल कुठे वापरणार ते लिहून मागायला लागले. माझी 2 हजार मॅग्नेट तेव्हा महिनोन्‌महिने अडकली. उद्या खरंच काही पेटलं तर ते आपल्याला मॅग्नेट देतील का? केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू पडलीये, ज्यातून मॅग्नेटला लागणारे धातू निघतात, मग मॅग्नेट इथे का होत नाही?

मोठ्या ड्रोनचं पण तेच. डीआरडीओच्या तापस या टेहळणीच्या ड्रोनवर 2011 पासून दीड हजार कोटींच्या वर गेले. 30 हजार फूट उंची आणि सलग 24 तास उड्डाण पाहिजे होतं, 28 हजार फूट आणि 18 तासांपर्यंत पोचला आणि तिथेच मागे पडला. 2023 ला चित्रदुर्गजवळ शेतात एक पडलापण. त्याच्यासाठी आपल्या नगरच्या व्हीआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्याच प्रयोगशाळेत, देशी इंजिनाचं काम झालंय, त्या लोकांची मेहनत मी कमी लेखत नाही, उलट त्यांच्यासाठीच जीव तुटतो. एवढं जवळ आलेलं काम पुढे न्यायला धीर नाही आणि अमेरिकेच्या 31 ड्रोनना 32 हजार कोटी एका सहीत निघतात. बाहेरच्याला पूर्ण भरवसा आणि घरच्याला तीन वर्षांचा अनुभव दाखव, हे कुठलं धोरण आहे? लहान उद्योगाला अनुभवाची आणि टर्नओव्हरची अट शिथिल करता येते असं सरकारचंच परिपत्रक आहे, मी ते टेंडरला जोडलं होतं, पिवळ्या मार्करने खूण करून. वाचलंच नाही कुणी. आणि वाचून तरी काय, सगळं एल-वन वर चालतं, ज्याचा भाव कमी त्याचा माल, मग नंबर घासणाऱ्याचा भाव कमी असणारच ना.

मला अनुदान नको, सत्कार नको. 200 मोटरींची ट्रायल ऑर्डर द्या, सियाचीनच्या थंडीत चालवा, जैसलमेरच्या धुळीत चालवा, जळाल्या तर पैसे देऊ नका. टेंडरच्या वेळी प्रत्येकाची एक मोटर समोर उघडून बघायला लावा, माझी पण. आणि माल पास झाला तर 45 दिवसांत पेमेंट, लहान उद्योगांसाठी तसा कायदा 2006 पासून आहे.

ते न फोडलेलं पाकीट टेबलावर तसंच ठेवलंय. तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर फोडतो. 30 तारखेपर्यंत मशीन गाळ्यात आहे, त्यानंतर बँक नेणार.

आपला,
भोसरीतला एक मोटरवाला