माहितीपट पालकसभेत दाखवा

महोदय,

३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन जवळ आला की ठरावीक वळणाच्या चित्रफिती फिरू लागतात. मूल धडपडते, मागे बासरी वाजते, शेवटी हातात प्रशस्तिपत्र येते. बघणाऱ्यांचे डोळे पाणावतात. तशाच मुलाची आई प्रवेशासाठी आली, की मात्र ‘आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत चौकशी करा’ हे उत्तर मिळते. शिक्षिका म्हणून हे उत्तर मी शाळेच्या कार्यालयात अनेकदा ऐकले आहे.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधले वृत्तछायाचित्रकार डॅन हबीब यांनी २००७ साली ‘इन्क्लुडिंग सॅम्युएल’ हा जेमतेम तासाभराचा माहितीपट केला. धाकटा मुलगा सॅम्युएल न्यूमोनियाने अत्यवस्थ असताना, हे सारे कॅमेऱ्याने टिपून ठेवा, असे डॉक्टरांनीच त्यांना सुचवले होते. मग काही वर्षे चित्रण चालले. सॅम्युएल चाकाच्या खुर्चीत असतो, पण शिकतो गावातल्या इतर मुलांबरोबर, सरकारी शाळेत. आईवडिलांची दमछाक यात लपवलेली नाही, शिक्षकांची अडचणही नाही. अपंग माणसांना पूर्वी आपणच कमी लेखत होतो, हे वडील सरळ सांगतात. ‘हे मूल काय करू शकेल?’ यापेक्षा ‘शाळा काय करू शकेल?’ हा प्रश्न पुढे येतो, आणि तो सोपा आहे असा आव कुठेच नाही. म्हणून शिक्षकांना हा माहितीपट आपला वाटतो. तिथे तो शिक्षक-प्रशिक्षणात आणि पालकांच्या गटांत दाखवला गेला, त्यावर चर्चा झाल्या. माझ्या मते खरे काम त्या चर्चेत होते. महोत्सवात एकदा दाखवलेला माहितीपट बहुधा आधीच पटलेली माणसे बघतात.

समाजातल्या प्रश्नांवर असा चित्रपट करणे आपल्याला परके नाही. सुमित्रा भावे समाजकार्यातून चित्रपटाकडे आल्या. त्यांचा १९८५चा ‘बाई’ हा लघुपट झोपडपट्टीतल्या स्त्रियांच्या अभ्यासातूनच उभा राहिला.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश देणे अपेक्षित आहे. परंतु इतर पालकांच्या मनातली ‘आमच्या मुलाचा अभ्यास मागे पडेल’ ही भीती परिपत्रकाने जात नाही. असा वर्ग प्रत्यक्ष चाललेला दिसला, तर निदान त्यावर बोलणे सुरू होते.

म्हणून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला विनंती आहे, की आपल्या जिल्हा परिषद शाळांतले, आपल्या बोलीतले छोटे माहितीपट तयार करावेत. चित्रपटाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि शाळांत फिरणारे विशेष शिक्षक यांनी मिळून ते करावेत. फसलेले प्रयत्नही दाखवावेत. मुलाची आणि घरच्यांची संमती प्रत्येक टप्प्यावर घ्यावी. मूल मोठे झाले की त्याचे म्हणणे बदलूही शकते. सॅम्युएलने तरुणपणी वडिलांबरोबर स्वतः दिग्दर्शन केले. २०२२ साली आलेल्या त्या लघुपटात अनुभवी अपंग माणसांना, मोठे होताना काय करावे, हे तो स्वतः विचारतो. आपल्या मुलांनाही ती जागा मिळावी. मराठी उपशीर्षके, सांकेतिक भाषा आणि अंध प्रेक्षकांसाठी दृश्यांचे वर्णन हे सुरुवातीपासून असावे, मागाहून चिकटवू नये.

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत अर्धा तास माहितीपट आणि त्यानंतर अर्धा तास चर्चा, एवढी वेळ प्रत्येक शाळेला काढता येईल.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली