बाटली किती वाजता भरली?

संपादक महोदय,

ओढ्याचं पाणी 'समाधानकारक' आढळलं अशी बातमी अधूनमधून तुमच्याकडे येते, सोबत फोटो, त्यात कोणीतरी वाकून बाटली भरतंय. प्रत्येक वेळी माझा एकच प्रश्न असतो, बाटली किती वाजता भरली? ते कधीच छापलेलं नसतं.

विचित्र वाटेल पण अर्धा रिपोर्ट या वेळेवरच ठरतो. ज्या ओढ्यात शेवाळ माजलंय तिथे दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ, बाकी सगळ्या जीवांबरोबर, ऑक्सिजन खातं, त्यामुळे सगळ्यात वाईट अवस्था असते सूर्य उगवायच्या जरा आधी. दुपारी लिटरमागे 9-10 मिलिग्रॅम दाखवणारं पाणी पहाटे 3 वर आलेलं असू शकतं. बऱ्याच माशांना 5 च्या खाली त्रास सुरू होतो आणि 2 च्या खाली फार थोडे टिकतात. पण ऑफिस उघडल्याशिवाय बाटली कोण भरणार, म्हणजे नमुना साडेअकराचा, रिपोर्ट छान, आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मासे उलटे तरंगताना दिसतात. मग म्हणायचं, रिपोर्ट तर चांगला होता!

तापमानाचंही तेच. 20 अंशाच्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, 30 अंशाला साडेसातच. म्हणजे नुसता '7' हा आकडा कोमट पाण्यात ठीक आणि गार पाण्यात शंका घेण्यासारखा. साधा थर्मामीटर लागतो हो याला.

आम्ही काही जण दोन वर्षं दर रविवारी ओढ्यावर जातो, यातलं शिक्षण कोणाचंच नाही. सुरुवातीला हौसेने ऑक्सिजन मीटर घेतला आणि तीन महिने कॅलिब्रेटच केला नाही, म्हणजे तो आकडा बरोबर दाखवतो का हे तपासून जुळवलंच नाही, त्या आकड्यांची वही आता फक्त आम्हाला गप्प करायच्या कामाची. त्यानंतर दगड उलटे करायला लागलो आणि खरं सांगायचं तर जास्त तेव्हाच कळलं. वाहत्या पाण्यातला दगड उचलून खालची बाजू बघायची. मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं पाण्यात वाढतात, ती दगडाला चपटी चिकटून असतात, शेपटीला बहुतेक वेळा तीन धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना फडफडणारे कल्ले. कॅडिसफ्लाय या तशाच दुसऱ्या किड्याच्या काही अळ्या तर वाळूचे कण, काड्या चिकटवून स्वतःची नळी करतात आणि आत बसतात. ऑक्सिजन कमी पडला की साधारण ही मंडळी आधी जातात. उरतात त्या गाळातल्या लालभडक अळ्या, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात.

आमच्या ओढ्याला एक पाइप येऊन मिळतो, कोणाचा ते इथे लिहीत नाही. पाइपच्या वर एका दगडाखाली 11 मेफ्लाय मोजल्या, खाली पन्नास पावलांवर एकही नाही, फक्त लाल अळ्या, आणि पाणी दोन्हीकडे सारखंच नितळ. रात्री काही सोडलं तर सकाळपर्यंत ते वाहून जातं, बाटलीत सापडत नाही, पण हे किडे आठवडे न् महिने तिथेच राहतात ना. ही युक्ती नवीन पण नाही, जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी 1908-09 मध्येच कुठल्या घाणीत कुठले जीव टिकतात त्याच्या याद्या केल्या होत्या.

म्हणून लॅब बंद करा असं अजिबात नाही. कुठलं केमिकल आहे, जंतू किती, हे किडे सांगणार नाहीत. शिवाय मोठा पूर आला की सगळेच वाहून जातात आणि गाळाच्या तळाशी मेफ्लाय मुळातच कमी, तेव्हा दुसऱ्या ओढ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, त्याच ओढ्याचं वरचं आणि खालचं बघायचं. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याची टेस्ट पण हवीच, फक्त ती बाटली 20 अंशाला 5 दिवस, किंवा आपल्याकडे बऱ्याचदा 27 अंशाला 3 दिवस, अंधारात ठेवावी लागते, तोवर मासे वास मारायला लागलेले असतात.

माझी विनंती एवढीच की पुढच्या बातमीत आकड्यांसोबत चार गोष्टी छापा, वेळ, पाण्याचं तापमान, पाइपच्या वर की खाली आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता का. पहिल्या जोरदार पावसात रस्त्यावरची सगळी घाण ओढ्यात येते, तो नमुना वेगळाच असतो. आणि पहाटे साडेपाचला बाटली भरायला कोणी मिळत नसेल तर मी येतो, मला तसंही झोप येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक