रडक्या मालिकांची वकिली

मिरज,
रविवार रात्र

चि. ओंकार,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस आणि मागे कीबोर्ड खडखडत असतो, तो मला इथे मिरजेत ऐकू येतो. तेव्हा हे जरा बसून वाच.

गेल्या महिन्यात तुझे दोन मित्र आले होते. मी पोहे घेऊन येत होते आणि तू आतून म्हणालास, "आईला कोरियन रडारडीचं वेड लागलंय. थांबा, तुम्हाला खरं गाणं ऐकवतो." मग एक जपानी गाणं लावलंस. मी ट्रे घेऊन दारातच थबकले. गाणं मला पाठ होतं, आणि ते त्या रडारडीतूनच पाठ झालं होतं. पाहुण्यांसमोर पोराचा पोपट करू नये म्हणून गप्प राहिले. आता बोलते. घटकाभर मी आई आहे हे विसर, समोर दुसरी एक चाहती बसलीय असं समज.

तू लावलंस ते नाकाशिमा मिकाचं 'युकी नो हाना', २००३ चं. पुढच्याच वर्षी केबीएस या कोरियन वाहिनीवर 'आय अ‍ॅम सॉरी, आय लव्ह यू' ही सोळा भागांची मालिका आली आणि तिच्यासाठी पाक ह्यो-शिननं हेच गाणं कोरियनमध्ये गायलं. चाल तीच, नावाचा अर्थही तोच. तुला हे ठाऊक नसेल, पण कोरियात जपानी गाण्यांच्या सीडी उघडपणे विकायला परवानगी मिळाली तीच मुळी जानेवारी २००४ मध्ये. जपाननं तिथे १९१० ते १९४५ राज्य केलं, त्याचा राग काही लगेच जाणार नव्हता. सिनेमा, गाणी, सगळ्याला दार बंद. किम दे-जुंग राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९९८ पासून ते हळूहळू किलकिलं झालं. आणि ज्या वर्षी गाण्यांसाठी उघडलं, त्याच वर्षी एक जपानी चाल मालिकेतून कोरियाच्या घराघरात रडत होती. तुझं 'खरं गाणं' आणि माझी 'रडारड' यांचं गोत्र हे असं एक आहे.

मालिका तू बघणार नाहीस, म्हणून शेवट सांगून टाकते. मू-ह्योक हा लहानपणी टाकलेला, ऑस्ट्रेलियात दत्तक गेलेला आणि तिथेही रस्त्यावर आलेला मुलगा. डोक्यात गोळी अडकलीय, दिवस थोडे उरलेत. आईला शोधत कोरियात येतो तर आई नावाजलेली नटी, दुसऱ्या मुलाला तळहाताच्या फोडासारखं जपतेय. सूड घ्यायचं ठरवतो. पुढे कळतं की तिनं टाकलंच नव्हतं, मुलं गेली असं तिला सांगितलं होतं. आता खरं सांगितलं तर ती कोलमडेल, म्हणून तो तोंड मिटून घेतो. आणि शेवटी तिच्या दारात जाऊन एवढंच मागतो, मला राम्यन करून घाला. राम्यन म्हणजे आपल्या पाकिटातल्या नूडल्सच. ती करून देते. तिला पत्ता नाही की आपण पोटच्या पोराला पहिलं आणि शेवटचं जेवण घालतोय. तो रडत रडत खातो. बाहेर आल्यावर बंद दाराकडे तोंड करून जमिनीला डोकं टेकवून नमस्कार करतो. आणि मागे तुझं ते गाणं.

मी त्या रात्री गॅसजवळ उभी राहून पाणी प्याले आणि तुला फोन केला होता, आठवतं? "जेवलास का?" विचारलं. तू म्हणालास, "आई, रात्रीचा दीड वाजलाय."

आता तुझा दुसरा आक्षेप, की यांच्या मालिकांत काही घडत नाही, नुसते जेवत असतात. हे तू 'रिप्लाय १९८८' चे पंधरा मिनिटं बघून बोललास. ती टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर २०१५ च्या शेवटी सुरू झाली, वीस भाग. सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, पाच मित्रमैत्रिणी. पहिल्याच भागात संध्याकाळी एक आई मुलाच्या हातात भाजीचा वाडगा देऊन शेजारी पाठवते. तिकडून दुसरा वाडगा निघतो. मग तिसऱ्या घरातून. गल्लीत पोरं वाडगे घेऊन एकमेकांना आडवी जातात आणि शेवटी प्रत्येकाच्या ताटात सगळ्या गल्लीचा स्वयंपाक. तुझ्या आजीच्या वाड्यात हेच चालायचं आणि आलेला डबा कुणी रिकामा परत करायचं नाही. काही नसलं तर त्यात निदान चिमूटभर साखर. मला ते सबटायटलशिवाय कळलं.

दक-सन त्यातल्या एका घरातली मधली मुलगी. वडील बँकेत, पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिले म्हणून सगळं कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. जामीन राहणं काय असतं ते तुझ्या आजोबांमुळे आपल्या घराला वेगळं सांगायला नको. अंडी तळली की ती थोरलीला आणि धाकट्याला. वाढदिवसही थोरलीच्या वाढदिवसात उरकायचा, त्याच केकवर. एक दिवस तिचा बांध फुटतो. मग रात्री वडील गल्लीत तिच्यासाठी वेगळा छोटा केक घेऊन उभे. आणि म्हणतात, बाप काही जन्मतः बाप नसतो, मीही हे पहिल्यांदाच करतोय, चुकलं तर सांभाळून घे, अशा अर्थाचं काहीतरी.

मीही मधली. ताईचे फ्रॉक उसवून मला, नवं कापड तुझ्या मामाला. माझे वडील वाईट नव्हते, पण असं काही बोलणारे नव्हते. मी पंचावन्न वर्षांची बाई, एका परक्या भाषेतल्या परक्या बापाकडून ते ऐकलं. याला तू रडारड म्हण.

(दक-सनचा पुढे नवरा कोण होणार ही भानगड मात्र त्यांनी नको तितकी ताणली. मी गल्लीतल्या जंग-ह्वानच्या बाजूची होते, पण निकाल बरोबर लागला. जो सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत बसतो त्यानं नंतर तक्रार करू नये.)

सबटायटलवरून आठवलं. तू म्हणतोस मूळ भाषा येत नसताना बघून काय उपयोग. बरोबर आहे, पण इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्या साहेबापेक्षा मला जास्त कळतं, कारण मला मराठी येतं. कोरियनमध्ये आदराची बोली वेगळी, 'जोंदेनमाल', आणि सलगीची वेगळी, 'बानमाल'. दोन माणसं भेटली की आधी वय विचारणार, मग कोण कुणाला कसं बोलणार ते ठरणार. आणि मग एका भागात नायिका एकदम सलगीच्या बोलीत एक वाक्य टाकते. खाली इंग्रजीत नुसतं 'यू'. आपल्याकडे 'अहो' वरून 'अरे' वर यायला काय काय घडावं लागतं! तुझे बाबा तीस वर्षांनी अजून 'अहो'च आहेत, आणि एकदा भाजी करपली तेव्हा मी चुकून 'अरे' म्हणाले तर दोघंही दचकलो होतो. वडिलांना ते 'आप्पा' म्हणतात, हे ऐकून तर मी पहिल्या दिवशी रिमोट खाली ठेवला.

दोष मला दिसत नाहीत असं समजू नकोस. स्मृती जाते, मोक्याच्या क्षणी ट्रक येतो, श्रीमंताची आई पैशाचं पाकीट सरकवते. जुन्या मालिकांतला नायक मनगट धरून मुलीला फरफटत नेतो आणि त्याला प्रेम म्हणतात. २००९ ची 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' माझ्या मैत्रिणींना फार आवडते. मी चौथ्या भागानंतर सोडली. तो कुरळ्या केसांचा पोरगा आपल्या शाळेत असता तर पालकांना बोलावून घेतलं असतं.

पण तिचं मूळ कुठलं? तुझ्याकडचं. जपानी मंगा, म्हणजे चित्रकथा, आणि २००५ ची जपानी मालिका, तिचं गाणं आराशी या जपानी पोरांच्या बँडचं. नावातली गंमत तर तूच मला सांगितली होतीस: 'हाना योरी दांगो', फुलांपेक्षा गोळे बरे, म्हणजे आधी पोटोबा मग विठोबा. मंगावाल्या बाईंनी 'दांगो' लिहिताना 'मुलगे' या अर्थाची अक्षरं घातली आणि म्हणीची थट्टा केली. म्हणीशी असं खेळणं मला फार आवडतं.

आराशीचं 'लव्ह सो स्वीट' मी भांडी घासताना ऐकायची. मग २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीनंच जाहीर कबूल केलं की संस्थापक कितागावा यानं वर्षानुवर्षं लहान मुलांचं लैंगिक शोषण केलं. पोरांचा काय दोष, गाणं त्यांचंच आहे, हे सगळं मला पटतं. तरी आता ते लागलं की मी त्यांचे कोवळे चेहरे बघत बसते आणि भांडी तशीच राहतात. तू यावर कधी बोलला नाहीस. बोललास तर ऐकेन.

बाकी तुझ्या गाण्यांबद्दल माझं मत मागितलं नाहीस तरी देते. योआसोबीची जोडी हुशार आहे, गोष्टीवरून गाणं रचण्याची कल्पनाही छान, पण त्यातल्या गाणाऱ्या मुलीला श्वास तरी घेऊ द्या. उतादा हिकारू मात्र वेगळीच. १९९९ चा 'फर्स्ट लव्ह' अल्बम आला तेव्हा ती सोळा वर्षांची, आणि जपानात त्याच्याहून जास्त खपलेला अल्बम अजून नाही. आवाजात मध्येच एक कंप येतो, तो कुठून आला असं वाटायचं. तिची आई फुजी केइको एन्का, म्हणजे जुन्या वळणाची जपानी गाणी, गाणारी, हे कळल्यावर उलगडलं. एन्कामध्ये स्वर असा वळवून घेतात की आपल्याकडची मुरकीच. सतारमेकर गल्लीत जन्म गेलेल्या बाईचा कान आहे हा, नुसता फोन नाही. फुजीइ काझेही आवडतो. ओकायामाच्या बोलीत गातो, स्वतःला 'वाशी' म्हणतो. मला आधी वाटलं नवी मुंबईबद्दल आहे. प्रमाण भाषा सोडून घरच्या बोलीत गाणारा माणूस कुठल्याही देशात मला आपला वाटतो.

आणि मात्सुबारा मिकी. 'मायोनाका नो दोआ', १९७९. जगभर गाजलं २०२० मध्ये, आणि ती तर २००४ सालीच गेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्या वेळी परदेशात वाढलेली जपानी मुलं ते गाणं अचानक आपल्या आयांना ऐकवायची आणि चित्रण करायची. आई स्वयंपाकघरात काहीतरी करत असते, पहिली ओळ लागते, आणि ती वळून गायला लागते. पोरांचे चेहरे बघण्यासारखे. आपल्याआधी आईला हे माहीत होतं, हे त्यांच्या पचनीच पडत नाही. तुझे मित्र पोहे खात होते तेव्हा तुझा चेहरा तसा झाला असता, थोडक्यात वाचलास.

एक शेवटचं. तुझ्या लाडक्या जपानातच ही कोरियन लाट आधी फुटली. २००३ मध्ये एनएचके या जपानी वाहिनीनं 'विंटर सोनाटा' ही कोरियन मालिका दाखवली आणि तिचा नायक बे योंग-जुन याचं नाव 'योन-सामा' पडलं, 'सामा' म्हणजे आपलं 'श्रीमंत', 'महाराज' यातलं काहीतरी. पुढच्या वर्षी तो आला तर विमानतळावर हजारो बायका. बहुतेक माझ्याच वयाच्या. त्यांच्याही घरी कुणीतरी पोरांनी पाहुण्यांसमोर हसून सांगितलं असेल, आईला वेड लागलंय.

आता काम. 'युकी नो हाना' मधलं 'हाना' साध्या फुलाच्या अक्षरानं लिहीत नाहीत, दुसरं वापरतात, ते 華. मी दोन्ही अक्षरं वहीत काढून बघितली, साधं फुलाचं सोपं आहे, हे दुसरं काढताना रेघा गळतात माझ्या. उच्चार एकच, मग हे अवघड कशाला घेतलं? बर्फाचं म्हणून? तुझ्या जपानीच्या क्लासच्या बाईंना विचार आणि नीट लिहून पाठव, फोनवर सांगू नकोस.

तुझी,
आई

ता. क. – शेजारच्या काकूंचा मुलगा बुधवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवतेय. स्टीलचा डबा काकूंचा आहे. रिकामा परत आणू नकोस.